जपून ठेवलेली चूक

“…आणि चुकीचा संदर्भ देणाऱ्याच्या हातात एवढा मोठा लेख द्यायचा का, आप्पा?”

हर्षाली बाविस्करनं हे चप्पल काढायच्या आधीच विचारलं. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

आप्पा महाजन त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. कॉम्प्युटरपुढची, घडी केलेला टॉवेल अंथरलेली ती खुर्ची. त्यांनी मान वळवली नाही. आधी आत तर ये, अशी हातानं खूण केली.

आप्पा म्हणजे कॉलेजचे जुने ग्रंथपाल. निवृत्त झाले, घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि पोरापोरींना इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायला शिकवू लागले. हा ज्ञानकोश कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं नीट करावं. फक्त जे लिहाल ते कोणत्या पुस्तकातून घेतलं, ते खाली नोंदवायचं. त्यालाच आप्पा संदर्भ म्हणत, आणि संदर्भाशिवाय त्यांच्या घरात कुणी कांद्याचा भावही सांगायचा नाही.

गल्ली म्हणायची, म्हाताऱ्याला दुसरं काम नाही. पण चार वाजले की त्यांच्या दाराशी चपला जमायच्या, आणि त्यात पहिली जोडी हर्षालीची असायची. आप्पांची पहिली शिष्या तीच. खोली झाडायची तीच, आप्पा सांगतील ते टाईप करायची तीच.

दिवाळीनंतर रोशनी तडवी आली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची पोर. बोलायला मऊ, डोकं मात्र झपाट्याचं. तिनं खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर लेख लिहायला घेतला. मातीच्या सपाट छताची ती घरं, आता गावात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच राहिलेली. पोर मन लावून लिहीत होती, आणि आप्पाही खुलले. फाटक वाजलं की विचारायचे, “रोशनी आली का?”

हर्षाली आली का, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? ती तर आधीच तिथं बसलेली असायची. पण एवढा साधा विचार करायला मन थाऱ्यावर लागतं, आणि तिचं थाऱ्यावर नव्हतं.

त्यातच आप्पांचा काचबिंदू वाढला. डॉक्टरांनी स्क्रीनपुढं बसायला बंदी केली. गावाच्या नदीवरचा लेख हा आप्पांचा जीव की प्राण. सगळी हयात त्यात घातलेली. तो कुणाच्या तरी हाती सोपवायला हवा, महिनाअखेरच्या सोमवारी सांगतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा रोशनी बसली होती त्या बाजूला वळला.

त्या बाजूला खिडकी होती. अधू डोळ्यांचा माणूस उजेडाकडेच वळतो. पण हर्षालीला खिडकी दिसली नाही, रोशनी तेवढी दिसली.

त्याच दिवशी बाहेर चपला घालताना रोशनीनं तिला विनवलं होतं, ताई, माझा लेख एकदा वाचाल का, कुणी वाचतच नाही. हर्षाली म्हणाली, परीक्षा डोक्यावर आहे गं.

आणि घरी जाऊन पहिलं काम तेच केलं.

तांदळातला खडा शोधावा तसा तिनं तो लेख निवडला. एकेक संदर्भ काढायचा, वाचनालयातून पुस्तक मागवायचं, पान उघडायचं. बरोबर. पुढचा… तोही बरोबर. प्रत्येक बरोबरला तिचं तोंड कडू व्हायचं. जेवताना आईनं विचारलं, भाजी खारट झाली का? ती म्हणाली, काही नाही झालं.

शेवटी खडा सापडला.

छतावर खारी माती कशी पसरतात, ते रोशनीनं जिल्ह्यातल्या घरांवरच्या एका जुन्या पुस्तकातून घेतलं होतं. पुस्तक दोन भागांचं. खाली नोंदवलं होतं, भाग पहिला. हर्षालीनं पहिला भाग या पुठ्ठ्यापासून त्या पुठ्ठ्यापर्यंत वाचला. त्यात खाऱ्या मातीचं नावही नव्हतं. खात्री करायला ती एसटीनं धुळ्याला गेली, दुसरा भाग शोधला. त्यात होती, अगदी तशीच्या तशी.

म्हणजे काम एवढंच होतं. ‘पहिला’ खोडायचं, ‘दुसरा’ लिहायचं. चहा उकळायलाही जास्त वेळ लागतो.

तिनं ते केलं नाही.

उलट ती चूक जपली. सकाळी दात घासायच्या आधी मोबाईल उघडून बघायची, आहे ना जागेवर? एकदा दिसलं, लेखात कुणीतरी काहीतरी बदललंय. घाईघाईनं बघितलं तर कुणी एक स्वल्पविराम टाकून गेलं होतं. चूक शाबूत होती. तिला इतकं हायसं वाटलं, की तिचं तिलाच क्षणभर कसंतरी झालं.

पण क्षणभरच.

आणि आज सोमवार होता. ती सगळ्यांच्या आधी आली होती, मोबाईलमध्ये दोन्ही भागांचे फोटो घेऊन.

“कुणाचा संदर्भ?” आप्पांनी विचारलं.

“रोशनीचा.”

नाव तिनं चिमट्यात धरल्यासारखं उच्चारलं. मग सगळं सांगितलं. पहिला भाग, धुळं, दुसरा भाग. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. नदीचा लेख अशा निष्काळजी हातात गेला तर, म्हणून ती थांबली. पुढचं वाक्य आप्पांनी पुरं करावं, अशी तिची इच्छा.

आप्पांनी ते पुरं केलं नाही.

“तुला हे कळलं कधी?”

“गेल्या मंगळवारी.”

“मग तिथं अजून पहिलाच भाग कसा?”

हर्षालीनं मोबाईलमधला फोटो त्यांच्यापुढं धरला.

“म्हटलं… आधी तुम्हाला दाखवावं.”

“मला दिसत नाही, पोरी.”

हर्षालीनं पुढं केलेला मोबाईल हळूच मागं घेतला.

“तिचे बाकीचे संदर्भ?”

“तपासले.”

“सगळे?”

“सगळे.”

“कसे आहेत?”

हर्षालीनं मोबाईल बंद केला.

“…बरोबर.”

आप्पांनी मान हलवली. “आणि तुझा आठवडे बाजारावरचा लेख? तो असा कुणी तपासला?”

हर्षाली जरा ताठ झाली. “त्यात आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, आप्पा.”

“मी विचारलं, तपासला कुणी?”

फाटक वाजलं. आता आप्पा विचारणार, रोशनी आली का. हर्षालीनं दात आवळले. आप्पांनी विचारलं नाही.

रोशनी दारात उभी राहिली, ओढणीनं कपाळ टिपत.

“रोशनी,” आप्पा म्हणाले, “तुझा लेख हर्षालीनं वाचला. शेवटपर्यंत.”

पोरीचा चेहरा असा काही फुलला, की बघवेना.

“खरंच, ताई? पूर्ण वाचला?”

हर्षाली फरशीकडे बघत राहिली. एका ठिकाणी पहिल्याच्या जागी दुसरा भाग हवा, असं कसंबसं पुटपुटली.

“अगं बाई, हो का? मग बदलून टाका ना, ताई.” रोशनी एवढं म्हणाली आणि खिडकीपाशी आपल्या जागेवर जाऊन दप्तर उघडू लागली. तिच्या लेखी विषय संपला होता.

हर्षालीनं मोबाईलवर ‘पहिला’ खोडलं. ‘दुसरा’ लिहिलं. इतके दिवस जपलेली चीज एका बोटानं गेली. तिला वाटलं, आता सगळंच गेलं. आता आप्पा रोशनीला हाक मारतील, लेख तिच्या हवाली करतील, आणि आपण टाळ्या वाजवायच्या.

आप्पा उठले.

त्या खुर्चीतून ते वर्ग संपेपर्यंत कधी उठत नसत. भिंत चाचपत ते पुढं आले. खिडकीकडे नाही गेले. हर्षालीचा खांदा त्यांच्या हाताला लागला, तो धरून त्यांनी तिला खुर्चीपाशी नेलं, टॉवेल सारखा केला आणि तिला बसवलं.

पडद्यावर नदीचा लेख उघडा होता. वरपासून खालपर्यंत आप्पांचा.

“आप्पा, मला?… मी तर…”

“यातही आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही,” आप्पा म्हणाले. “कुणी तपासलाच नाही.”

मग खिडकीपाशी ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिच्या कानाशी वाकून म्हणाले,

“आता माझ्यावर जळ.”