घाटाच्या तोंडावर आडवी गाडी

घाटाच्या डोक्यावर वसलेल्या एका गावात द्वारका नावाची बाई मोटार चालवत असे. गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढच्या वर्गांतली पोरे घाटाखालच्या शाळेत जात, आणि त्यांना नेण्या-आणण्याचे काम पंचायतीने द्वारकाकडे दिले होते. तिची गाडी जुनी, पण परदेशी बनावटीची होती. ब्रेकचे पॅड झिजत आले की पॅडला जोडलेला सेन्सर चालकासमोर एक दिवा पेटवत असे.

एके सकाळी घाट उतरून गाडी शाळेशी पोहोचते न पोहोचते तोच तो दिवा लागला. पोरे उतरवून द्वारका थेट जवळच्या गॅरेजात गेली.

गॅरेजवाला म्हणाला, “पॅड मागवावे लागतील. तोवर सेन्सरची वायर कापून दोन्ही टोकं जोडून देतो. दिवा विझेल.”

“दिवा विझेल. आणि ब्रेक?”

“अहो ताई, सगळे असंच करतात.”

“मग सगळ्यांच्या गाड्या घ्या. माझी राहू द्या.”

त्या दिवशी तिने पोरांना एसटीत बसवून दिले आणि रिकामी गाडी सावकाश घाट चढवून घरी आणली. तिचे वडील मालट्रक चालवायचे. ब्रेकचे काम ती त्यांच्या हाताखालीच शिकली होती. शहरातून सामान मागवून हे काम स्वतः करायचे, असे तिने ठरवले.

ही बातमी सरपंच हणमंतरावांच्या कानावर गेली. ते तिच्या अंगणात आले.

“एका दिव्याला भ्यालीस? पोरांची शाळा बुडेल.”

“शाळेचं मागून भरून काढता येतं.”

“उद्या गाडी निघाली नाही, तर फेरी माझ्या पुतण्याला देईन. त्याची जीप उभीच आहे.”

“द्या. पण या गाडीत मी पोरं बसवणार नाही.”

फेरी गेली. द्वारकाच्या घरात दुसरी मिळकत नव्हती, तरी ती बधली नाही. तिने मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवली आणि चाके काढली. नट गंजून बसले होते. गाडी उचलण्याआधीच पान्यावर उभी राहून तिने ते ढिले केले होते. कुंपणाशी चार माणसे जमली. बाईमाणूस चाके खोलून बसले आहे, याची त्यांना मोठी गंमत वाटत होती.

“नुसते बघताय काय? आलाच आहात तर हा ठोकळा धरा,” द्वारका म्हणाली. माणसे पांगली.

ज्या लोखंडी डिस्कवर पॅड आवळले जातात, तिच्यावरून तिने बोट फिरवले. डिस्कला खोल चरे पडले होते आणि ती पातळही झाली होती. शहरातून आलेले नवे पॅड तेवढे बसवले असते, तर गाडी दुसऱ्याच दिवशी निघाली असती आणि फेरीही कदाचित परत मिळाली असती. द्वारकाने डिस्कही नव्या मागवल्या आणि त्या येईपर्यंत थांबली. मग डिस्क, पॅड, सेन्सर सारे नवे बसले. पायाखाली ब्रेक घट्ट लागेपर्यंत तिने तो दाबून पाहिला. गावाबाहेरच्या सपाट माळावर गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली, तेव्हा कुठे तिचे समाधान झाले.

दुसऱ्या सकाळी सरपंचांचा पुतण्या विक्रांत पोरांना घ्यायला चौकात आला. त्याने गाणी मोठ्याने लावली होती. तरीही जीप थांबताना पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज तिथेच उभ्या असलेल्या द्वारकाने ऐकला. ती धावत घरी गेली, गाडी काढली आणि घाट सुरू होतो तिथे रस्त्यात आडवी लावली.

जीप आली. विक्रांत हॉर्नवरचा हात काढेना.

“तुझ्या पॅडात काही उरलेलं नाही. पोरं खाली जाणार नाहीत,” द्वारका म्हणाली.

“फेरी गेली म्हणून जळफळाट होतोय तुझा!”

“तसंच समज. पण चाक काढ. पॅड चांगले निघाले, तर माझी गाडी तुझी.”

आरडाओरडा ऐकून गाव गोळा झाले. सरपंच आले आणि कडाडले, “द्वारका, गाडी बाजूला घे, नाहीतर पोलिसांना बोलावतो.”

“बोलवा. ते येईपर्यंत तरी जीप इथेच राहील.”

कोणी हसले, कोणी शिव्या दिल्या. पण शमशादभाभी पुढे झाल्या. त्यांनी जीपचे दार उघडले आणि आपल्या मुलीला खाली उतरवले. “स्वतःची गाडी पणाला लावून उभी आहे ती,” त्या म्हणाल्या, “विक्रांतने नुसतं चाक काढून दाखवायचं, तर तो का घाबरतो?”

मग एकेक आईबाप पुढे आले. जीप रिकामी होत गेली. शेवटी आत एकच पोरगा उरला, सरपंचांचा नातू. तो दप्तर मांडीवर घेऊन आजोबांकडे बघत होता.

सरपंचांनी नातवाकडे पाहिले. मग पुतण्याकडे न पाहता म्हणाले, “काढ चाक.”

चाक निघाले. पॅडवर घासायला काहीच शिल्लक नव्हते. नुसती पत्र्याची पाठ डिस्क कुरतडत होती. समोर घाटाची वळणे दिसत होती. विक्रांतने मान खाली घातली.

सरपंचांनी नातवाला उचलून खाली घेतले. त्यांचा आवाज अजून ताठच होता. “सगळ्या गावासमोर आमची शोभा केलीस, द्वारका.”

“शोभाच झाली ना, सरपंच?” द्वारका म्हणाली. “सुतक तर आलं नाही.”

तात्पर्य: दुसऱ्यांचे जीव ज्याच्या हाती आहेत, त्याने धोक्याची खूण दडपू नये; आणि दुसरा कोणी ती दडपत असेल, तर सारे गाव उलटले तरी त्याची वाट अडवून उभे राहावे.