रखमाजीची ठिपका-चांदणी

आमच्या शेजारच्या गावात रखमाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? सांगितलं तेवढंच करायचा, आणि तेच नडायचं.

त्याचं लग्न चंद्रकलेशी ठरलं. पण तिचे वडील येसाजीराव म्हणाले, "आधी धंदा शीक. स्वतःच्या लग्नाची पत्रिका बिनचूक छापून दाखव, मग मुलगी देतो."

रखमाजी आपल्या इंदूआत्याच्या पत्रिकांच्या दुकानात कामाला लागला. आत्या म्हणाली, "कॉम्प्युटरमधली जुनीच पत्रिका घे. जुन्या नवऱ्याचं नाव काढून नवीन घाल."

रखमाजीनं एका जागी बदललं आणि चहाला गेला. नवरा वर एक, खाली दुसरा!

"अरे मेल्या, दिसेल तिथं बदलायचं!"

"बरं आत्या."

पुढच्या पत्रिकेत मोठे मामा विश्वनाथ रुसले होते. त्यांच्या जागी धाकटे मामा दगडू घालायचे होते. नवरदेवाचंही नाव विश्वनाथच. रखमाजीनं दिसेल तिथं दगडू केलं. मुलीकडचे धावत आले. "आम्ही भाच्याला मुलगी दिलीय, मामाला नाही!"

आत्यानं कपाळावर हात मारला. "नुसतं नाव शोधू नकोस रे. 'चि.'च्या पुढचं धर. शोधायच्या चौकटीत नावाच्या जागी ठिपका आणि चांदणी टाक, अशी '.*'. कॉम्प्युटरला कळतं, इथं काय वाट्टेल ते असो."

"बरं आत्या."

पुढचा नवरदेव हणमंत. रखमाजीनं शोधायच्या चौकटीत 'चि.'च्या पुढं ठिपका-चांदणी टाकली. चांदणीनं जुनं नाव खाल्लं. मग नवरी खाल्ली, मुहूर्त खाल्ला, मांडवाचा पत्ताही खाल्ला. पत्रिकेत गणपती आणि हणमंत एवढेच उरले. लग्नाला कुणी फिरकलं नाही. बुंदी कढईतच राहिली बिचारी.

आत्या कडाडली, "चांदणी खादाड असते! कुठं थांबायचं ते सांग, तिला पुढं कुंपण घाल! आणि एकदाचा साचा करून ठेव. कुणाचंही नाव त्यात बसलं पाहिजे!"

"बरं आत्या."

आत्या बहिणीकडे गेली आणि रखमाजीनं स्वतःची पत्रिका छापली. काय सुरेख छापली! चंद्रकलेचं नाव बरोबर, मुहूर्त बरोबर, एकही मामा सुटला नाही. नवरदेवाच्या नावाच्या जागी तेवढी ठिपका-चांदणी, '.*'.

येसाजीरावांनी चष्मा पुसला. "जावईबापू, हे काय?"

"कुंपण घातलंय मामंजी. आता इथं कुणीही बसतो."

"कुणीही?"

"कुणीही!" रखमाजीची छाती फुगली. पत्रिका गावभर वाटली, आणि विचारील त्याला अर्थही सांगितला.

मुहूर्ताला मांडवात बघावं तर गावातले सगळे बिनलग्नाचे मुंडावळ्या बांधून हजर! कुणी दाढी करून आलेला, कुणी तशीच ठेवून. भटजी गोंधळले. येसाजीराव म्हणाले, "छापलंय ते छापलंय. पोरी, तूच काय ते बघ."

चंद्रकलेनंही पत्रिका वाचली होती. तिनं रखमाजीकडे पाहिलं, जरा वाईटही वाटलं तिला. मग सरळ जाऊन गिरणीवाल्या ज्ञानोबाच्या गळ्यात माळ घातली.

पहिली अक्षत रखमाजीनंच टाकली. बहिणीकडून लग्नाला आलेल्या आत्याकडे बघून आनंदानं ओरडला, "आत्या, बघ! साचा चालला!"