हिरव्या पट्ट्याची काठी

तेरा ऑक्टोबर, रविवार. दसऱ्याचा दुसरा दिवस. ऊन कडक, वारा अजिबात नाही.

नदीकाठच्या एका गावात पिराजी नावाचा वेल्डर राहत होता. लोखंड जोडणारे गावात चौघे होते, पण ॲल्युमिनियम जोडणारा तो एकटाच. ॲल्युमिनियमचं काम नाजूक. त्याला टिग मशीन लागतं, अर्गन गॅस लागतो आणि मशीनच्या तोंडाशी टंगस्टनची योग्य काठी बसवावी लागते. काठ्या सगळ्या सारख्याच दिसतात, उदबत्तीएवढ्या. फरक असतो तो फक्त शेपटाकडच्या रंगीत पट्ट्याचा. पिराजीच्या जुन्या मशीनवर लाल पट्ट्याची काठी लोखंडाला चालायची आणि हिरव्या पट्ट्याची ॲल्युमिनियमला.

पिराजी डब्याकडे न बघताच काठी उचलायचा. याच्या हातालाच डोळे आहेत, असं लोक म्हणायचे. तो नुसता हसायचा. खरी गोष्ट अशी होती, की लाल आणि हिरवा हे रंग त्याला जन्मापासून वेगळे दिसतच नव्हते. दोन्ही सारखेच मातकट. काठ्या आणल्या, की पाकिटावरचं लिहिलेलं वाचून तो लाल डाव्या डब्यात आणि हिरव्या उजव्या डब्यात ठेवायचा. सव्वीस वर्षांत हे कुणाला कळलं नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

रविवारी सकाळी गंगूआक्का रिक्षातून उतरली आणि भिंत धरत धरत त्याच्या दारात आली. खुब्याचं हाड मोडल्यामुळे ती तीन महिने अंथरुणाला खिळून होती. गेल्याच आठवड्यात वॉकर धरून, कुणाचाही हात न घेता, ती स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत चालली होती. आता त्या ॲल्युमिनियमच्या वॉकरचा एक पाय जोडाजवळ तडकला होता.

पिराजीने गॅसचा काटा पाहिला. जेमतेम एका जोडापुरता गॅस उरला होता आणि गॅसचं दुकान आता मंगळवारीच उघडणार होतं. मंगळवारी केलं तर चालेल का, असं त्याने विचारून पाहिलं.

"तीन महिने खाट बघितली लेका," आक्का म्हणाली. "आता तिचं तोंड बघायला सांगू नकोस."

पिराजीने जोड तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केला आणि सवयीने उजव्या डब्याकडे हात नेला. डबा तिथे नव्हता. खंडेनवमीला त्याच्या बायकोने, हौसाने, सगळी हत्यारं पुसून पूजेला मांडली होती. दोन्ही डबे गंजले म्हणून तिने टाकून दिले होते, आणि सगळ्या काठ्या एका नव्या डब्यात भरून त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. इतक्या मायेने केलेल्या कामावर रागवायचं तरी कसं?

त्याने एक काठी उचलली. हिरवी असेल किंवा लाल. लाल निघाली, तर तिचं टोक फुटणार, टंगस्टनचे कण जोडात पडणार. वरून जोड ठीकच दिसला असता. आतला कच्चेपणा आक्काने भार टाकला म्हणजेच कळला असता. आणि काठ्या एकेक करून तपासून बघण्याइतका गॅस नव्हता.

"बघत काय बसलास?" आक्का म्हणाली. "तुझ्या हाताला डोळे हायत म्हणं."

पिराजीने तिच्याकडे पाहिलं. भिंतीला टेकवलेल्या तळव्यावर तिने अंगाचा सगळा भार टाकला होता.

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. हळू बोलता आलं असतं, पण तो आक्काला ऐकू जाईल असंच बोलला.

"हौसा, हा पट्टा कोणत्या रंगाचा आहे, तेवढं सांग. मला लाल-हिरवं ओळखू येत नाही."

हौसा हात पुसत बाहेर आली. काठी उजेडात धरून म्हणाली, "लाल आहे."

मग काठी त्याच्या हातात देत म्हणाली, "अहो, मला माहीत आहे ते. लग्न झाल्यापासून तुम्ही बाजारातून कच्चे टोमॅटो आणता. मी त्यांची चटणी करते. तुम्हाला सांगायचं नसेल, असं वाटलं. पण तुम्ही काठ्या जागेवरून ओळखता, हे काही मला ठाऊक नव्हतं. नाहीतर डबे हलवले नसते."

"आणि आम्ही समजत होतो, ह्याला चटणी आवडती," आक्का म्हणाली.

पिराजीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. हौसाने तिथेच बसून काठ्या निवडल्या. मग जुन्या परकराच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या. हिरव्या काठ्यांच्या पिशवीला तिने एक बटण लावलं. लाल काठ्यांच्या पिशवीला बटण नाही. पिराजीने डोळे मिटून बटणावरून अंगठा फिरवला आणि काठी काढली.

काठ्या एकूण तेवीस होत्या, बारा हिरव्या आणि अकरा लाल. पावणेबाराला जोड पूर्ण झाला आणि गॅस संपला. आक्का वॉकर धरून अंगणातून रस्त्यापर्यंत एकोणीस पावलं चालली. जोड हलला नाही.

तात्पर्य: आपल्या कामावर दुसऱ्याचा भार पडणार असेल, तर आपली उणीव झाकू नये; ती सांगून मदत मागावी.