उत्तर कुठं आहे?

फार पूर्वी, शाळेत सुट्ट्या कमी आणि छड्या जास्त असायच्या तेव्हाची ही गोष्ट. समुद्रापासून फार लांब, डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. गावात एक शाळा होती आणि शाळेत एक गुरुजी होते. गुरुजी मोठे कल्पक होते. पुस्तक उघडून वाचून दाखवायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्याऐवजी ते दर पंधरा दिवसांनी शाळेला नवीन सोंग द्यायचे.

एकदा शाळेचं वारूळ झालं. पोरं मुंग्या झाली आणि धान्याचे दाणे वाहता वाहता बेरीज शिकली. एकदा शाळेचं पोळं झालं. पोरं मधमाश्या झाली, गावभर भुणभुणत फिरली आणि फुलांची नावं शिकून आली. मागच्या खेपेला तर शाळेचं जहाज झालं होतं. गावातल्या कुणी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण अंगणात शीड लागलं. केरबा नावाचा थोराड मुलगा नाखवा झाला आणि सगळे खलाशी ओरडायला लागले, "सूर्याकडं तोंड! पुढं पूर्व, मागं पश्चिम, डावीकडं उत्तर, उजवीकडं दक्षिण! हाकारा जहाज!"

पोरांना शाळा सोडवत नव्हती. गावाला मात्र हे सहन होईना. लोकांनी शाळेचं नावच 'सोंगशाळा' ठेवलं.

शेवटी गावचे पाटील शाळेत आले. "गुरुजी, माझा नातू घरी येऊन आजीच्या पदराला शीड म्हणतोय," ते म्हणाले. "त्याला शिकवताय का बिघडवताय? उद्या आम्ही चार जाणती माणसं येतो. उन्हं डोक्यावर यायच्या आत पोरं काय शिकलीत ते त्यांनी दाखवायचं. न्हाई दाखवलं, तर सोंगं बंद. परवापास्नं पाढे आणि छडी."

सोंगशाळा हा गुरुजींचा जीव होता. ती बंद झाली तर आपल्याला दुसरं काही येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांना भीती होती ती एका मुलीची. तिचं नाव सारजा. ही सारजा म्हणजे शंकासुर होती. ढग म्हटलं की ही विचारणार, "मग त्याला खालनं टेकू कोण देतं?" मुंगी म्हटलं की, "तिला आई ओळखू येते का?" एरवी गुरुजींना ते आवडायचं. पण उद्या चार जाणत्यांसमोर ही अशीच विचारत सुटली, तर ते म्हणतील, पोरांना काहीच येत नाही!

भ्यालेला माणूस नियम करतो. गुरुजींनीही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळ्यांना उभं करून ते म्हणाले, "आज तुम्ही खजिना शोधणारे वीर. नियम एकच. मध्येच काही विचारायचं नाही. जो विचारेल तो बाद!"

सारजानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

मग गुरुजींनी कोडं घातलं.

"घरात मी नाही, अंगणात मी नाही,
सगळे मला ओलांडती, माझ्यावर बसू देत नाही कोणी!"

"आता नीट ऐका," गुरुजी म्हणाले. "आधी उत्तर, मग खजिना. उत्तर धरूनच पुढं जायचं. उत्तर सोडून इकडंतिकडं भरकटायचं नाही. चला!"

कोड्याचं उत्तर होतं उंबरठा. शाळेच्या उंबरठ्याच्या आतल्या अंगाला गुरुजींनी गूळ-शेंगांचं मडकं झाकून ठेवलं होतं. आपल्या चेहऱ्यावरून पोरांना सुगावा लागू नये म्हणून ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आता उंबरठ्यापाशी कशी झुंबड उडते ते ऐकायचं, एवढंच त्यांना उरलं होतं.

पण पोरांनी काय ऐकलं होतं? कोडं त्यांना गाण्यासारखं वाटलं. आणि उत्तर? उत्तर तर पोरांना पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं! केरबानं सूर्याकडं तोंड केलं, डावा हात लांब केला आणि ओरडला, "हे उत्तर! धरा रे!" सगळी फौज कोडं गात गात कुंपणाबाहेर पडली आणि उत्तरेला चालू लागली.

सारजाच्या डोक्यात गोंधळ उडाला होता. उत्तर धरून चालायचं, हे कळलं. पण कुठवर? सगळे ओलांडतात ते काय? ते वाटेत येणार आहे का? आणि गुरुजी आत का जाऊन बसले? विचारावं तर बाद. न विचारावं तर पोटात दुखतंय. ती गप्प राहून सगळ्यांच्या मागं चालत राहिली.

इकडे गुरुजी भिंतीकडे बघत बसले होते. बाहेर चिडीचूप. 'वा,' त्यांना वाटलं, 'किती शांतपणे विचार करताहेत लेकरं!'

बराच वेळ असाच गेल्यावर दारात पायताणं वाजली. पाटील आणि जाणती माणसं आली होती. गुरुजी बाहेर आले आणि बघतच राहिले. अंगणात चिटपाखरू नव्हतं.

"पोरं कुठायत?" पाटलांनी विचारलं.

"उत्तर शोधायला गेलीत," गुरुजी चाचरत म्हणाले.

जाणत्यांमधले तात्या कानानं अधू होते. त्यांनी दचकून डोक्यावरचं पागोटं काढलं. "उत्तरकार्याला गेली? कुणाच्या? आरं, कोण गेलं गावातलं?"

रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं ते ऐकलं. तिनं पुढच्या घरी सांगितलं. बघता बघता आळीतली माणसं 'कोण गेलं, कोण गेलं' करत शाळेकडे यायला लागली. जो येई तो दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून आणखी घाबरे. कोण मेलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दोघीतिघींनी रडायला सुरुवातही केली होती. गुरुजी सगळ्यांना समजावत होते, पण काय समजावायचं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

तिकडे पोरं ओढ्यावर पोचली होती. हा ओढा गावाला वळसा घालून उत्तरेकडूनही वाहायचा आणि पश्चिमेकडूनही. वरच्या तळ्याचं पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे ओढा भरून चालला होता. मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढं पाणी, म्हणजे पोरांच्या नाकातोंडात.

केरबानं डावा हात अजून लांबच धरला होता. "उत्तर पलीकडं हाय," तो म्हणाला. "उत्तर सोडायचं न्हाई असं गुरुजींनी सांगितलंय. आणि सगळे ओलांडतात तो ह्योच! उतरा!"

दोघंजण पाण्याकडे सरकले. सारजानं पाण्याकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर खेळ राहील. बोललं तर बाद, आणि वर सगळे हसणार. तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं ओरडली, "थांबा! मला कळलंच न्हाई!"

"बाद! बाद!" सगळे नाचायला लागले.

"बाद तर बाद. मी गुरुजींना विचारून येते. तवर पाण्यात पाय घालू नका."

केरबा ऐकणार नव्हता. पण सगळ्यांत लहान धोंडू पाणी बघून फतकल मारून खाली बसला आणि त्यानं भोकाड पसरलं. खलाशी मागं राहिला तर नाखव्यानं पुढं जायचं नसतं, हेही पोरं जहाजातच शिकली होती. केरबा चडफडत त्याच्याशेजारी बसला. बाकीचेही बसले. सारजा गावाकडे पळत सुटली.

अंगणातल्या रडारडीत ती घुसली तेव्हा तिला धाप लागली होती. "गुरुजी, मी बाद हाय, पण एक विचारते. उत्तर कुठवर हाय? वड्याच्या पलीकडं पण हाय का?"

"कुठल्या ओढ्याच्या?" गुरुजी गोंधळले. "कोड्याचं उत्तर इथंच आहे, शाळेत."

"शाळेत कसं असंल? शाळेत तर चारी दिशा हायत. उत्तर म्हंजे ती, सूर्याच्या डावीकडची! आम्ही ती धरून गेलो, तर मधी वढा आला. पोरं काठावर बसलीत."

गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"भरला वढा!" पाटील ओरडले. त्यांचा नातूही पोरांत होता. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि "चला उत्तरंला!" म्हणून पळत सुटले. पाटील पळाले म्हणून जाणती माणसं पळाली. जाणती पळाली म्हणून गाव पळालं.

"आजोबा!" सारजा मागून किंचाळली. "तिकडं कुठं? तिकडं तर सूर्य बुडतो!"

सगळं गाव थांबलं. सगळं गाव वळलं. पुढं सारजा, तिच्यामागं गुरुजी आणि त्यांच्यामागं पाटील, अशी ती वरात ओढ्यावर पोचली.

पोरं काठावर एका ओळीत बसली होती. एकाचाही पाय ओला नव्हता. पाटलांनी नातवाला छातीशी धरलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग ते पुसून ते गुरुजींवर कडाडले. "बास झाली सोंगं! उद्या कशाला, आजपास्नंच पाढे!"

गुरुजींनी हात जोडले. "तुम्ही म्हणाल तसं करीन. पण चूक पोरांची नाही, पाटील. तुमच्यापुढं माझी शोभा होऊ नये म्हणून मी त्यांना विचारायची बंदी केली. या पोरीनं माझा नियम मोडला म्हणून आज ही सगळी दिसताहेत."

सारजा पुढं आली. "पाटीलआजोबा, मी एक विचारू?"

पाटलांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "विचार बाळ."

"तुम्ही मघाशी पश्चिमेला का चालला होता?"

"मी?" पाटील गुरकावले. "मला काय दिशा येत न्हाईत? आमच्या पंतोजींनी छड्या मारून पाठ करून घेतल्यात. पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर!" एका श्वासात त्यांनी म्हणून दाखवलं.

"व्हय, पण त्या हायत कुठं?"

पाटलांनी डोंगराकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी घाईघाईनं नजर दुसरीकडे वळवली. इतक्या वर्षांत पाटलांना कुणी हे विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी कुणाला विचारलं नव्हतं. गावासमोर त्यांचे कान लाल झाले. आता ते चिडणार, असं गुरुजींना वाटलं.

पाटील चिडले नाहीत. ते हळूच काठावर, पोरांच्या ओळीत बसले. "मला ठाव न्हाई," ते म्हणाले. "सांग."

सारजा सांगायला लागली, पण तिच्याआधी धोंडूच उठला. त्यानं पाटलांची हनुवटी धरून तोंड सूर्याकडं फिरवलं आणि त्यांचा हात ओढत म्हणाला, "ह्यो न्हाई, आजोबा, डावा. डावा हात!"

पाटलांनी डावा हात लांब केला. पाढ्यांचं नाव मग कुणी काढलं नाही.

तात्पर्य: 'मला कळलं नाही' असं म्हणायला जिथं बंदी असते, तिथं लहानही वाट चुकतात आणि थोरही, फरक इतकाच, की थोरांच्या मागं अख्खं गाव पळतं.