साखळीचं दुसरं टोक

“पण ऑइल कुणासाठी लावायचं, आप्पा?”

शिवगोंडानं हे विचारलं तेव्हा तो मठाच्या शेडमध्ये उभा होता आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या साखळ्या त्याच्या पायाशी ढीग होऊन पडल्या होत्या.

आप्पा म्हणजे मठाचे म्हातारे स्वामी. ते दारात घोंगड्यावर बसले होते.

“पुढच्या हंगामाला लागतील की.”

“पुढचा हंगाम कुणी बघितलाय...”



मठाचा ऊस नदीकाठी, काळ्या रानात. तिथं भरलेली ट्रॉली रुतली की देवानंही हात टेकावेत. मग मागच्या चाकांना या साखळ्या बांधायच्या आणि ट्रॅक्टर बाहेर काढायचा. हे काम शिवगोंडाचं. पंचक्रोशीत त्याच्यासारखा ड्रायव्हर नव्हता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या आधी तोच सांगायचा.

ऐन हंगामात त्याचा एकुलता एक मुलगा, भरमू, तापाचं निमित्त होऊन गेला. दिवसकार्य उरकून शिवगोंडा पुन्हा स्टिअरिंगवर बसला. डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही. लोक म्हणाले, छाती लागते बाबा! लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. पण त्याला ते बरं वाटलं. चाक रुतलं की काढायचं, पुन्हा रुतलं की पुन्हा काढायचं, यात दिवस जायचा.

मग हंगाम संपून साखर कारखाना बंद झाला, उसाच्या खेपा थांबल्या आणि शिवगोंडाला घरी जावं लागलं.

त्या घरात आता त्याला जगायचं नव्हतं. साखळ्या आत टाकायच्या, ट्रॅक्टरची किल्ली आप्पांच्या पुढ्यात ठेवायची आणि नदीच्या डोहाकडं चालू लागायचं, हे त्यानं सकाळीच ठरवलं होतं. कुणाला बोलला मात्र नव्हता.

“एवढ्या ठेवल्या, की मी मोकळा,” तो म्हणाला.

आप्पांनी मान वर केली. त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले.

“मोकळा हून कुठं जानार हाईस?”

शिवगोंडानं साखळ्यांचा ढीग पायानं आत ढकलला.

“साखळीत पीळ हाय, शिवगोंडा.”

“असू दे.”

“पीळ तसाच ठेवलास तर पावसाळ्यात गंजून धरंल. मग कुनाच्या बापाला सुटायची न्हाई.”

“एकट्यानं निघत न्हाई त्यो.”

हे मात्र खरं होतं. एकानं एक टोक घट्ट धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं आपलं टोक फिरवत पीळ उलगडायचा, आणि मग दोघांनी मिळून साखळीची घडी घालायची. दर वर्षी दुसरं टोक भरमू धरायचा. शिवगोंडाला ते आठवलं, आणि आठवलं म्हणून राग आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा गडी.

आप्पा उठले. काठी भिंतीला टेकवली. वाकून साखळीचं एक टोक त्यांनी दोन्ही हातांनी उचललं.

“सोडा, आप्पा. जड हाय. पडशीला.”

“फिरव.”

शिवगोंडानं आपलं टोक उचललं आणि फिरवायला लागला. वाळलेला चिखल खाली गळत होता, पीळही थोडा थोडा उलगडत होता. पण साखळी मधे झोल खाऊन जमिनीला टेकली. आप्पांना ती ताणून धरता येईना.

“ताणा की जरा!” शिवगोंडा खेकसला. आजवर तो आप्पांपुढं मान वर करून बोलला नव्हता. “असं धरत्यात व्हय? भरमू बघा कसा धरायचा... पाय रोवून. हलायचा न्हाई.”

ते नाव तोंडातून गेलं आणि त्याला आवरेना. साखळी हातात धरूनच तो हमसून हमसून रडायला लागला.

“ताप चढलाय म्हनत हुता त्यो. मी म्हटलं, एक खेप टाकून येतो, मग दवाखान्यात जाऊ. एकच खेप, आप्पा...”

आप्पा टोक धरून तसेच उभे होते.

“मला सुटायचंय ह्यातनं. कसं सुटू? एवढ्या लोकांना सांगता, मला बी सांगा की काय तरी!”

 टोक हातात घेऊन आप्पा त्याच्याकडं चालू लागले. दोन पावलं टाकायची, थांबायचं, धापा टाकायच्या, पुन्हा दोन पावलं. साखळी मधून दुमडत गेली. अगदी समोर आल्यावर त्यांनी आपलं टोक त्याच्या दुसऱ्या हातात दिलं आणि स्वतःचे हात काढून घेतले.

सगळा भार एकदम त्याच्या अंगावर आला. 

“धरा, आप्पा! न्हाई पेलायचं मला एकट्याला...”

“त्याचं टोक बी आता तुझंच हाय,” आप्पा म्हणाले. “उचल.”