बूड नसलेली टोपली

त्या देशात पाणी उताराकडे वाहत नसे, डोळ्यांकडे वाहत असे. जिथे बघणारे जास्त, तिकडे ते ओढीने धावे. जिथून नजरा हटत, तिथे आटत जाई. शिवाय त्या पाण्याला आठवण होती. एका काठावर धरलेलं प्रतिबिंब ते दूरवर वाहून नेई आणि दुसऱ्या काठावर जसंच्या तसं उलगडून दाखवी. म्हणून ज्याला काही दाखवायचं असे, तो मोठ्या सरोवरापासून आपल्या दारापर्यंत पाट खणी, दाराशी एक तळं करी, आणि कुणीतरी काठावर येऊन बसण्याची वाट पाही.

सरोवराच्या पैलतीरावर करकोचे राहत. त्यांचा एक खेळ होता. उंच खांबावर बूड नसलेली टोपली टांगायची आणि गोल फळ उडवून तिच्यातून खाली पाडायचं. पंख उघडायचे नाहीत. फळ जमिनीवर न आपटता दोनाहून जास्त पावलं टाकायची नाहीत.

अलीकडच्या तीरावर देवदाराची वनं होती आणि ससे, खारी, मुंगसं अशी ठेंगणी मंडळी. कोबी आंबवून ती जमिनीत पुरलेल्या रांजणांत ठेवत. नवा कुणी भेटला की नावाआधी वय विचारत, म्हणजे 'अहो' म्हणायचं की 'अगं', हे ठरे. करकोच्यांच्या खेळाचं त्यांना विलक्षण वेड होतं. पण वाऱ्यावर यायचा तो नुसता कल्ला, आणि तोही परक्या बोलीत. कोण जिंकलं यावरून खारी हमरीतुमरीवर येत. खरं काय ते एकीलाही ठाऊक नसे.

साळू नावाची एक साळिंदर या तीरावर रांजणांसाठी खड्डे खणून देई. तरुणपणी ती पैलतीरावर राहून आली होती. बिळाच्या तोंडाशी बसून तिने तो खेळ डोळे भरून पाहिला होता, करकोच्यांची बोलीही शिकली होती. एका शरदात तिने लोकांचे खड्डे खणायचं सोडलं आणि पाट खणायला घेतला. सगळ्यांचे रांजण भरले, हिचा खड्डासुद्धा झाला नाही.

पाणी आलं, पण करंगळीएवढं. तळ्याच्या काठी कुणीच नव्हतं. वरच्या फांदीला एक म्हातारं वटवाघूळ तेवढं उलटं लटकलेलं होतं. त्याला पाकोबा म्हणत. त्याची नजर केव्हाच गेली होती.

"पोरी, खेळ लागलाय म्हणे. सांग तरी काय चाललंय."

साळू ओशाळली. आंधळ्या डोळ्यांकडे पाणी काय ओढलं जाणार? तरी ती सांगू लागली आणि पहिल्याच वाक्याला अडली. करकोच्यांच्या शब्दांना या तीरावर शब्दच नव्हते. मग तिने ते घडवले. फळ न आपटता टाकलेल्या तिसऱ्या पावलाला ती 'चोरपाऊल' म्हणाली. टोपलीच्या कडेला न शिवता आत गेलेल्या फळाला 'कोरा घास'. पाकोबा हसला.

"कोरा घास! हे झकास आहे. पुढे?"

रोज असं चाललं. दोन खारी येऊ लागल्या, मग एक मुंगूस. पाणी तळहाताएवढं झालं.

शेजारी उदाजी नावाच्या पाणमांजराचं प्रशस्त तळं होतं. तिथे रोज कुणाकुणाची भांडणं दिसत आणि काठ गजबजलेला असे. एकदा तो सहज म्हणून डोकावला.

"साळूबाई, कष्ट फार करता हो. पण चोरपाऊल बघायला कोण येतंय? करकोचे चोची मारतात, पडतात, एकमेकांची पिसं उपटतात. तेवढंच दाखवा. आणि जरा ओरडत चला."

साळूने ऐकलं. हिवाळा तोंडावर होता आणि बिळात खायला काही नव्हतं. तिने भांडणं तेवढी दाखवली, ओरडली. बघता बघता काठावर पाय ठेवायला जागा उरली नाही. पाणी असं लोटलं की तळं काठोकाठ भरलं. येताना कुणी बोरं आणली, कुणी कंद. साळू हरखून गेली.

मंडळी पांगल्यावर पाकोबाने वरून विचारलं, "पोरी, आज जिंकलं कोण?"

साळूने आठवून पाहिलं. तिला सांगता येईना. दिवसभर तिने टोपलीकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पहिल्यापासून खेळ सांगायला घेतला. घटकाभर कुजबुज झाली, मग एकेक जण उठून उदाजीच्या तळ्याकडे गेला. पाणीही त्यांच्यामागे गेलं. तरी साळूने आवाज चढवला नाही. उरलेल्या मूठभरांना ती सांगत राहिली. कडाक्याच्या थंडीत त्या दोन खारींनी आपल्या रांजणातली कोबी पानात बांधून तिच्या दाराशी ठेवली आणि त्या काठावर बसल्या.

माघात तिला ताप भरला आणि ती बिळात पडून राहिली. बरी होऊन बाहेर आली, तेव्हा पाटात थेंब नव्हता. एवढीशी मंडळी होती, तीही गेली म्हणायची.

मग तळ्याच्या बाजूने कल्ला ऐकू आला. ती हळूहळू तिकडे गेली.

तळ्याचा सुकलेला तळ तुडवून तुडवून सपाट झाला होता. देवदाराच्या खालच्या फांदीला एक टोपली टांगलेली होती, सशाला उडी मारून पोचेल इतपतच उंच. खारी, मुंगसं आणि डोंगरापलीकडून आलेले कितीतरी अनोळखी ससे धुळीत धावत होते. फांदीवर उलटा लटकून पाकोबा कान टवकारून पावलं ऐकत होता आणि मध्येच गर्जत होता, "चोरपाऊल! फळ तिकडे द्या!" पाटाकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

धापा टाकत एक अनोळखी ससीण काठाशी आली.

"तुम्ही थोरल्या की मी?"

"मीच थोरली असेन," साळू म्हणाली.

"मग बसा ना आत्या. नवीन दिसताय. हा आमचा खेळ. आत्ता ते फळ गेलं ना, त्याला कोरा घास म्हणतात. पूर्वीपासून तसंच म्हणतात. समजावून सांगू का?"

साळूने क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"सांग की," ती म्हणाली, आणि कोरड्या काठावर, बघणारे बसतात तिथे, पाय पसरून बसली.