न फुटणारा माठ

एका बाजारगावात दोन कुंभार होते, सख्खे चुलत भाऊ. दुकानं शेजारी शेजारी, माती एकाच ओढ्याची. पण गिऱ्हाईक वळायचं थोरल्याकडे, आणि धाकट्याचा नुसता जळफळाट व्हायचा. थोरला टिचकी मारून माठ दाखवी, तडा गेलेला निघाला तर स्वतःच बाजूला ठेवी. धाकट्याला ते सगळं ढोंग वाटे. थोरल्याचा माठ खपला की याच्या घशाखाली घास उतरत नसे.

शेवटी त्याने दवंडीवाला गाठला. भर बाजारात दवंडी पिटली गेली, की धाकट्याचा माठ डोक्यावरून पडला तरी फुटत नाही. मग काय, झुंबड उडाली. थोरला दिवसभर माश्या मारत बसला, तेव्हा कुठे धाकट्याच्या जिवाला गार वाटलं.

डोंगरावरच्या वाडीतल्या एका म्हातारीनेही तो माठ नेला. नातीला बघायला पाहुणे येणार होते आणि पाणी कोसभर लांबून आणायचं होतं. माठ फुटतच नाही म्हटल्यावर तिने डोक्यावरची चुंबळही धड बसवली नाही. दारातच माठ घसरला आणि ठिकऱ्या झाल्या. पाहुण्यांना घोटभर पाणी देता आलं नाही.

पुढच्या बाजारी ती पदरात खापऱ्या बांधून पंचांपुढे उभी राहिली. तिच्यामागे आणखी दहाजण होते.

धाकटा म्हणाला, दवंडीत थोडं वाढवून सांगायची रीतच आहे, शहाण्याने समजून घ्यावं.

"शहाणपण कुठलं बाबा," म्हातारी म्हणाली, "मला पाणी आणायचं होतं. तू सांगितलंस, मी खरं धरलं."

पंचांनी पारख करायला थोरल्याला बोलावलं. आता हा डाव साधणार, असं धाकट्याने धरूनच ठेवलं.

थोरल्याने खापरी निरखली. "माती झकास मळली आहे. याच्याइतकं गार पाणी माझ्या माठात होत नाही. मी बायकोला पाठवून घरी याचाच माठ आणलाय. पण पडला की फुटणारच. माझाही फुटतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी हेवाच वाटला. थोरल्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती.

पंचांनी लोकांचे पैसे परत करायला लावले, आणि दवंडी खोटी होती हे त्याच दवंडीवाल्याकडून गावभर सांगवलं.

त्यानंतरच्या बाजारी धाकटा घसा फोडून सांगत होता, "माझ्या माठात पाणी सगळ्यांत गार होतं." अगदी खरं होतं ते. लोक हसले आणि थोरल्याच्या दुकानात शिरले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून जो खोटं विकतो, त्याचं खरं पुढे कुणी घेत नाही.